सोलापुरात घरबसल्या आयकर रिटर्न भरून देण्याचं काम: शिकण्यापासून पहिल्या सीझनपर्यंत

रिटर्न भरून द्यायला सीए असावं लागतं का, हा पहिला प्रश्न. नाही. दुसऱ्याचं आयकर रिटर्न तयार करून पोर्टलवर चढवायला कोणतंही लायसन लागत नाही, आणि रिटर्नमधल्या मजकुराची जबाबदारी ज्याचं पॅन त्याचीच असते. ऑडिट रिपोर्टवर सही मात्र फक्त सीएची चालते. आयकर अधिकाऱ्यासमोर दुसऱ्याच्या वतीनं उभं राहायचं तर कायद्यानं ठरवून दिलेलीच माणसं चालतात: नातेवाईक, वकील, सीए, वाणिज्य किंवा कायद्याचे पदवीधर, असे. बी.कॉम. केलेल्यांची पदवी इथे उपयोगी पडते. बारावीवर थांबलेल्यांनाही रिटर्न भरता येतं, पण नोटीस पुढे गेली की एखाद्या सीएचं दार ठोठवावं लागेल, म्हणून ती ओळख आधीच करून ठेवा.

सरकारनं २००६ साली टॅक्स रिटर्न प्रीपेअरर नावाची योजना आणली होती. ते सर्टिफिकेट नसलं तरी काम अडत नाही, त्यामुळे त्या नावावर मोठी फी मागणाऱ्या क्लासला नमस्कार करून बाहेर पडा.

आधी शिकणं: दिवाळी ते मार्च

रोज दोन तास दिले तर चार महिने पुरतात. पहिल्या महिन्यात उत्पन्नाचे पाच प्रकार पक्के करा: पगार, घर, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर. कोणता पैसा कुठल्या खान्यात बसतो हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. नेहमीचं उदाहरण फॅमिली पेन्शनचं. नवऱ्याच्या पश्चात बायकोला मिळणारी पेन्शन पगारात टाकून ७५,००० रुपयांची स्टँडर्ड डिडक्शन घेतली जाते. ती ‘इतर उत्पन्ना’त जाते, आणि तिला नव्या करपद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल तेवढीच वजावट मिळते. नवऱ्याची स्वतःची पेन्शन मात्र पगारातच.

दुसरा महिना कागदांचा. फॉर्म १६, फॉर्म २६एएस आणि एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती पत्रक. फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, मालक देतो. २६एएसमध्ये पॅनवर जमा झालेला टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून भरलेला कर, दिसतो. एआयएसमध्ये बँकेचं व्याज, लाभांश, शेअरची विक्री, जमिनीचे व्यवहार, जे काही खात्याला कळलंय ते येतं. या कामाचा बहुतेक वेळ हे तीन कागद समोरासमोर ठेवण्यात जातो. टायपिंग दहा मिनिटांचं असतं.

तिसरा महिना सरावाचा. ई-फायलिंग पोर्टलवरून ऑफलाइन युटिलिटी, म्हणजे रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर, फुकट उतरवून घ्या. घरातल्या, नात्यातल्या पाच-सहा जणांची मागच्या वर्षीची रिटर्न्स त्यांच्या परवानगीनं घेऊन पुन्हा पहिल्यापासून भरा आणि कराचा आकडा मूळ रिटर्नशी जुळतो का पाहा. ‘सबमिट’ दाबायचं नाही, प्रिव्ह्यूपर्यंतच जायचं. जुळला नाही तर फरक कुठून आला ते सापडेपर्यंत उठायचं नाही. त्या अर्ध्या तासात जे कळतं ते क्लासच्या नोट्समध्ये नसतं.

चौथा महिना फॉर्म आणि नोटिशींसाठी. कोणता फॉर्म कुणाला, सदोष रिटर्नची नोटीस कशी दिसते, रिटर्न तपासल्यावर आलेल्या सूचनेत रकमांचे दोन रकाने (आपण दाखवलेली रक्कम आणि खात्यानं धरलेली) कसे वाचायचे. त्यानंतर जमल्यास जून-जुलै असे दोन महिने एखाद्या सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात बसा. पगार नाममात्र असेल, पण शंभर प्रकारचे कागद डोळ्यांखालून जातील.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. १९६१चा आयकर कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून लागू झाला. नव्यात ५३६ कलमं आहेत आणि ‘मागील वर्ष’ व ‘कर निर्धारण वर्ष’ या जोडीच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आहे. २०२५-२६च्या उत्पन्नाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याखाली जातं. म्हणजे काही वर्षं दोन्ही कायद्यांच्या कलमांचे आकडे डोक्यात ठेवावे लागणार. ८०सी (बचत, गुंतवणूक), ८०डी (आरोग्य विमा) ही वजावटींची जुनी नावं लोकांच्या तोंडून इतक्यात जाणार नाहीत.

एक रिटर्न जवळून

पगारदार, २०२५-२६चं उत्पन्न, वय साठच्या आत. फॉर्म १६वर एकूण पगार १०,२०,०००. टीडीएस शून्य. गिऱ्हाईक म्हणतं, ‘बाकी काही नाही, एवढंच टाका.’ एआयएस उघडल्यावर मुदत ठेवीचं व्याज ६२,००० आणि बचत खात्याचं ६,४०० दिसतं. ठेवीचं व्याज ५०,०००च्या वर गेल्यानं बँकेनं १० टक्क्यांप्रमाणे ६,२०० कापलेत.

नवी पद्धत: १०,२०,०००मधून ७५,००० वजा, राहिले ९,४५,०००. त्यात व्याजाचे ६८,४०० मिळवले की १०,१३,४००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, उरलेल्या २,१३,४००वर १० टक्के म्हणजे २१,३४०. कर ४१,३४०. उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यानं ही सगळी रक्कम सवलतीत जाते. देणं शून्य, आणि कापलेले ६,२०० परत.

आता हाच माणूस जुन्या पद्धतीत. ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, २,५०० व्यवसाय कर, ८०सीचे पुरे दीड लाख, आरोग्य विम्याचे २५,००० आणि बचत खात्याच्या व्याजाचे ६,४०० एवढं सगळं वजा करून करपात्र उत्पन्न ८,५४,५०० राहतं. त्यावर ८३,४०० कर, वर ४ टक्के सेस ३,३३६, मिळून ८६,७३६. विमा हप्त्यांच्या पावत्यांची थैली घेऊन आलेल्या माणसाला हा हिशोब कागदावर करून दाखवा, नाहीतर ‘पावत्या लावल्याच नाहीत’ हा बोल कायम तुमच्या माथी राहतो.

नव्या पद्धतीतल्या १२ लाखांच्या सवलतीला एक खोच आहे. शेअरच्या नफ्याला ती लागत नाही. पगाराचं करपात्र उत्पन्न ६ लाख आणि शेअरमधला अल्पकालीन नफा ६०,००० असेल, तर ६ लाखांवरचा कर सवलतीत जाईल, पण नफ्यावर २० टक्के म्हणजे १२,००० आणि सेस ४८० भरावाच लागेल. मोबाइलवरून शेअर घेणारी पोरं आता प्रत्येक गल्लीत आहेत, तेव्हा हा प्रश्न प्रत्येकाला विचाराच.

सोलापूरचं गिऱ्हाईक

कर सगळीकडे सारखाच, पण इथे दाराशी येणारे कागद इथल्या धंद्यांचे असतात.

यंत्रमागवाल्यांपासून सुरुवात करू. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा घराशेजारच्या शेडमध्ये टॉवेल-चादरीचं जॉबवर्क करणारा सहज म्हणतो की माझं उत्पन्नच करपात्र नाही, रिटर्न कशाला? विजेची बिलं मागा. स्वतःच्या नावावर वर्षाचा वीजखर्च १ लाखाच्या वर गेला तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी रिटर्न बंधनकारक आहे, आणि चार-सहा माग चालवणाऱ्याचं बिल तिथे लवकर पोचतं. मजुरी देणाऱ्या पार्टीनं १ टक्का टीडीएस कापलेला असतो, तोही रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही.

असं रिटर्न बहुधा फॉर्म ४ (आयटीआर-४)मध्ये, अंदाजित नफ्याच्या पद्धतीनं जातं. बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. जमा १४ लाख आणि सगळी खात्यावर, तर किमान ८४,०००. ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. मर्यादा २ कोटींची, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींची. जीएसटी नोंदणी असेल तर तिथला टर्नओव्हर आणि इथला टर्नओव्हर एकच हवा. जीएसटीत २२ लाख आणि आयकरात १४ लाख असं गेलं की नोटीस ठरलेली. आणि एकदा ही पद्धत धरून पुढच्या पाच वर्षांत सोडली तर त्यानंतर पाच वर्षं तिच्याकडे परत येता येत नाही, हे पहिल्याच वर्षी सांगा.

विमा एजंट आणि मार्केट यार्डातले अडते यांना हीच पद्धत लावणं ही नवख्यांची सगळ्यांत मोठी चूक. कमिशन आणि दलालीला ती चालत नाही. त्यांचं रिटर्न फॉर्म ३मध्ये, खर्चाच्या हिशोबासह. ते जमत नसेल तर घेऊ नका.

ट्रकवाल्यांचं सोपं असतं. दहापर्यंत मालवाहू गाड्या असतील तर गाडीमागे ठरलेला नफा धरायचा. एकूण वजन १२ टनांपर्यंत असलेल्या गाडीला महिन्याला ७,५००. त्यापेक्षा जड गाडीला टनाला १,००० महिना. १८.५ टनांची एक गाडी वर्षभर असेल तर १८,५०० गुणिले १२, म्हणजे २,२२,०००. वजन आरसी बुकावरून घ्या, ड्रायव्हर सांगतो त्यावरून नको. महिन्याच्या २५ तारखेला घेतलेली गाडीही पूर्ण महिन्याची धरतात.

शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून ते सांगायचंच नाही असा समज पक्का बसलेला आहे. सांगोल्याकडे डाळिंबाची बाग असलेला शिक्षक फॉर्म १ भरून मोकळा होतो. शेतीचं उत्पन्न ५,०००च्या वर असेल तर फॉर्म १ किंवा ४ चालत नाही, २ किंवा ३ घ्यावा लागतो. शिवाय दर ठरवताना ते उत्पन्न मिळवून धरलं जातं. ५ लाखांच्या वर असेल तर जमिनीचं क्षेत्र, जिल्हा, पिन कोड, जिरायत की बागायत हेही विचारतात. सातबारा, बाजार समितीतल्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिलं मागून ठेवा. दूध, कोंबड्या, ट्रॅक्टरचं भाडं हे शेती उत्पन्न नव्हे.

पतसंस्थांचा विषय नाजूक. सहकारी बँक ठेवीदाराच्या व्याजावर टीडीएस कापते, त्यामुळे ते एआयएसमध्ये दिसतं. पतसंस्था सभासदाला दिलेल्या व्याजावर साधारणपणे कापत नाही, म्हणून तिथलं व्याज बरेचदा कुठेच दिसत नाही. दिसत नाही म्हणजे करमुक्त नाही. निवृत्त रेल्वे कर्मचारी, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, यांच्या ठेवी चार-चार ठिकाणी असतात. ‘पतसंस्थेत काही आहे का?’ हा प्रश्न कागदावर लिहूनच ठेवा.

शिक्षकांचाच आणखी एक मुद्दा. वेतन आयोगाचा फरक किंवा थकबाकी एकदम मिळाली असेल तर करात सूट मिळते, पण फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी भरलेला हवा. राहिला तर सूट नाकारली जाते आणि मागणीची नोटीस येते.

नावांची जुळणी

रिफंड अडकण्यात कर कमी आणि नाव जास्त असतं. रिफंड फक्त पोर्टलवर व्हॅलिडेट केलेल्या, म्हणजे पडताळून घेतलेल्या, बँक खात्यात येतो, आणि व्हॅलिडेट व्हायला खात्यावरचं नाव पॅनशी जुळावं लागतं. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं एका वाड्यात आहेत. तेलुगू घरांत आडनाव आधी, तेही कधी नुसत्या आद्याक्षरानं. पॅनवर एक, पासबुकावर दुसरं. लग्नानंतर आधार बदललं, पॅन माहेरच्या नावाचंच राहिलं, हे तर घरोघरी. बँका एकत्र झाल्यावर बदललेला आयएफएससी कोड हा आणखी एक खोडा.

म्हणून पहिल्या भेटीत पॅन, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न अक्षर वाचा. पॅन आधारशी जोडलेलं आहे का तेही तिथेच पाहा. जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय असतं आणि रिफंड निघत नाही. नावातली दुरुस्ती एप्रिल-मेमध्ये उरकली तर जुलैत घाम फुटत नाही.

मांडणी आणि गुपितं

सामान थोडंच लागतं. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, स्कॅनर असलेला प्रिंटर, इन्व्हर्टर आणि कुलूप लागणारं कपाट. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग आडनाव. बाहेरच्या सायबर कॅफेत कुणाचंही पोर्टल उघडू नका.

मोबाइल आणि ईमेल ज्याचा त्याचाच टाका. आजोबांना ईमेल नाही म्हणून स्वतःचा टाकणं सोयीचं वाटतं, आणि तीन वर्षांनी साठ जणांच्या नोटिसा एकाच इनबॉक्समध्ये साठतात. त्यातली एक वाचायची राहिली की मुदत गेली. आजोबांच्या मुलाचा किंवा नातीचा नंबर घ्या. पासवर्ड गिऱ्हाइकानं समोर बसून टाकावा, ओटीपी त्याच्याच फोनवर यावा. पासवर्डची वही ठेवायची पद्धत पाहिलीत तरी उचलू नका.

‘रिफंड काढून द्या’

हे वाक्य ऐकल्याबरोबर सावध व्हा. खोटं घरभाडं, न दिलेली राजकीय देणगी, नसलेलं शैक्षणिक कर्ज दाखवून रिफंड मिळवून देणाऱ्यांवर खात्यानं १४ जुलै २०२५ला देशभर १५० ठिकाणी तपासाची कारवाई केली, आणि त्यात रिटर्न भरून देणारेच लक्ष्य होते. चुकीची माहिती दिली तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो. फी कधीही रिफंडच्या टक्क्यात ठरवू नका. वजावटीचा प्रत्येक आकडा पावती पाहून टाका आणि पावतीचा फोटो फाइलमध्ये ठेवा.

उलटा प्रकारही असतो. गृहकर्जासाठी ‘उत्पन्न जरा वाढवून दाखवा’ म्हणणारे येतात. तेही खोटंच.

कॅलेंडर

एप्रिल-मेमध्ये भरायची घाई करू नका. जानेवारी-मार्च तिमाहीच्या टीडीएसचं विवरण भरायला कापणाऱ्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. त्याआधी २६एएस अर्धवट असतं. तेव्हा मे महिन्यात कागद मागवा, २० जूनपासून भरायला लागा. पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै. २०२५मध्ये ती आधी १५ सप्टेंबर आणि मग आणखी एक दिवस पुढे गेली होती, पण वाढेल म्हणून थांबणाऱ्यांची कामं शेवटी तुमच्याच गळ्यात येतात. मुदतीनंतर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. लेट फी ५,०००, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. अंदाजित नफ्याच्या पद्धतीवाल्या धंदेवाल्यांचा कर १०,०००च्या वर जाणार असेल तर आगाऊ कर १५ मार्चलाच भरून घ्या, नाहीतर व्याज लागतं.

पहिल्या सीझनला पंधरा-वीसच रिटर्न्स घ्या, तीही पगारदार आणि पेन्शनरांची. घर किंवा जमीन विकलेली, फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये खेळलेली, परदेशात खातं असलेली आणि भागीदारीची प्रकरणं सरळ ओळखीच्या सीएकडे पाठवा. कागद मागण्यापासून व्हेरिफिकेशनपर्यंत एका साध्या रिटर्नला दीड-दोन तास जातात, दर त्यावरून ठरवा आणि कागद हातात घेण्याआधी सांगा. तुमच्या या कमाईचंही रिटर्न भरायचंय, आणि महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय म्हणजे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर आलाच. हात बसला की वाणिज्य, कायदा अशा शाखांच्या पदवीधरांना जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी आणि परीक्षा हा पुढचा रस्ता आहे. तिथे १०० प्रश्न, २०० गुण, पास व्हायला निम्मे.

सबमिट झालं म्हणजे संपलं असं नाही. ३० दिवसांत आधार ओटीपीनं किंवा नेट बँकिंगनं ई-व्हेरिफाय झालं नाही तर ज्या दिवशी व्हेरिफाय होईल ती तारीख रिटर्नची धरतात, आणि ती मुदतीनंतरची असली तर लेट फी लागते. गिऱ्हाईक समोर असतानाच ओटीपी टाकून घ्या. घरी जाऊन करतो म्हणणारे विसरतात. पावती छापून द्या. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पोर्टल उघडायला सांगून खात्याची सूचना आली का पाहा, आणि सदोष रिटर्नची नोटीस असेल तर उत्तराला १५ दिवस असतात, ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.